मिरी, रुमाल आणि उरलेले एक वाक्य

इंग्लंडच्या ईशान्येला न्यूकासलहून साउथ शील्ड्सकडे जाणारी जी मेट्रो आहे, तिच्या एका स्थानकाचे नाव बीड आहे. मी मराठवाड्यातला. नोकरीची तीस वर्षे तालुक्याच्या गावी इतिहास शिकवण्यात गेली आणि बीडच्या एसटी स्थानकावर गाडीची वाट पाहण्यात आयुष्यातले किती तास गेले असतील याचा हिशेब नाही. त्यामुळे लेकीकडे गेलो असताना टाइन नदीकाठच्या त्या फलकावर हे नाव वाचले, तेव्हा मी आधी हसलो आणि मग उतरलो. बाहेर आले तर गोदामे, कारखान्यांच्या पत्र्याच्या शेड आणि मालट्रक. तिथून चालत वीसेक मिनिटांवर जॅरोचे सेंट पॉल हे चर्च आहे. ज्या माणसाचे नाव त्या स्थानकाला दिले आहे, त्याने सातव्या वर्षापासून बासष्टाव्या वर्षापर्यंतचे सारे आयुष्य याच पंचक्रोशीत काढले, आणि इंग्रज लोकांचा पहिला मोठा इतिहास इथेच बसून लिहिला.

बीड हे मठवासी होते. संत बेनेडिक्टच्या नियमाने चालणारी बेनेडिक्टाइन परंपरा त्यांना आपले मानते. काटेकोरपणे बोलायचे तर त्यांच्या काळात बेनेडिक्टाइन नावाचा बांधीव संघ अजून आकाराला आलेला नव्हता. त्यांच्या मठाचा संस्थापक बेनेडिक्ट बिस्कप याने सतरा मठ पाहून, त्यांतले चांगले ते वेचून आपली नियमावली तयार केली होती. मात्र त्या वेचणीत संत बेनेडिक्टच्या नियमाला मानाचे स्थान होते, त्यामुळे बीडना बेनेडिक्टाइन म्हणण्यात फारशी चूक नाही. मी तरी त्यांना मनातल्या मनात गुरुजीच म्हणतो.

आपल्या ग्रंथाच्या अगदी शेवटी त्यांनी स्वतःविषयी मोजक्या ओळी लिहिल्या आहेत. जन्म मठाच्याच जमिनीवर. साल त्यांच्या सांगण्यावरून हिशेब केला तर ६७२ किंवा ६७३ येते. सात वर्षांचे असताना नातेवाइकांनी शिक्षणासाठी त्यांना बिस्कपच्या हवाली केले. आईवडिलांचे नाव नाही, ते जिवंत होते की नाही याचा उल्लेख नाही, घर कसे सुटले याविषयी एक शब्द नाही. एकोणिसाव्या वर्षी उपदीक्षा, तिसाव्या वर्षी पुरोहिताची दीक्षा. त्यापुढे एक वाक्य येते, आणि ते वाचून माझ्यासारख्या मास्तराचा घसा दाटतो: शिकणे, शिकवणे किंवा लिहिणे यातच मला नेहमी आनंद वाटत आला, असे ते म्हणतात. त्यानंतर स्वतःच्या ग्रंथांची यादी, आणि एक प्रार्थना. संपले आत्मचरित्र.

त्या सात वर्षांच्या मुलाला जिथे आणून सोडले, ती जागा मात्र साधी नव्हती. वेअर नदीच्या मुखाशी ६७४ मध्ये बिस्कपने पहिला मठ बांधला आणि सातआठ वर्षांनी टाइनकाठी जॅरोला दुसरा. दोन्ही मिळून एकच संस्था मानली जाई. बिस्कपला रोमचा ध्यास होता. ब्रिटनमधून तो पाच वेळा रोमला जाऊन आला आणि परतताना ग्रंथ, चित्रे, पवित्र अवशेष घेऊन आला. एकदा तर रोमच्या सेंट पीटर चर्चमधल्या मुख्य गायकालाच त्याने स्तोत्रे शिकवायला सोबत आणले. दगडी बांधकाम करणारे गवंडी आणि खिडक्यांना काच बसवणारे कारागीर त्याने गॉलमधून, म्हणजे आजच्या फ्रान्समधून बोलावले, कारण काच करणे इकडे कुणाला येत नव्हते.

त्यातली थोडी काच आजही आहे. सेंट पॉलच्या गर्भागारात दक्षिणेच्या भिंतीत, उंचावर, आपल्या वाड्यातल्या झरोक्याएवढी एक गोल खिडकी आहे आणि तिच्यात उत्खननात सापडलेले सातव्या शतकातले रंगीत काचेचे तुकडे जुळवून बसवले आहेत. निळसर, हिरवट, मधासारखा एक पिवळा. मी गेलो तेव्हा ऊन नव्हते. तिकडे ते असतेच कुठे. तरी त्या काचेतून येणाऱ्या मळक्या उजेडाखाली मी बराच वेळ उभा राहिलो. तिथल्या कमानीवर चर्चच्या समर्पणाची शिळा आहे आणि तिच्यावरची तारीख आपल्या कालगणनेत २३ एप्रिल ६८५ येते. शिळेवर मात्र हे साल नाही. तिथे ‘एक्फ्रिथ राजाचे पंधरावे वर्ष आणि मठाधिपती केओलफ्रिथचे चौथे’ असा हिशेब आहे, अगदी आपल्या ताम्रपटांतल्या राज्यवर्षासारखा. सन ६८५ अशी भाषा त्या मुलुखात रुळवण्याचे काम पुढे ज्याच्या हातून व्हायचे होते, तो तेव्हा बारा-तेरा वर्षांचा होता.

दुसऱ्याच वर्षी साथ आली. केओलफ्रिथच्या एका जुन्या चरित्रात लिहिले आहे की जॅरोच्या मठात स्तोत्रे म्हणू शकणारे, वाचू शकणारे सगळे संन्यासी त्या साथीत गेले. उरले फक्त मठाधिपती आणि त्यांनी वाढवलेला एक लहान मुलगा. दिवसातून सात वेळा म्हणायची स्तोत्रे दोन बाजूंनी आळीपाळीने म्हटली जातात आणि मध्ये पालुपदे गायली जातात. इथे तर दोनच गळे उरले होते. मठाधिपतींनी पालुपदे गाळायची असे ठरवले. आठवडाभर ते तसे चालले, पण त्यांना ते सोसवेना. मग पुन्हा पालुपदांसह पूर्ण पाठ सुरू झाला, आणि इतर शिकून तयार होईपर्यंत त्या मठाधिपतींनी आणि त्या पोराने तो रडत, अडखळत, पण न चुकता निभावला. मुलाचे नाव त्या चरित्रात नाही. तो बीडच असावा असे बहुतेक अभ्यासक मानतात. मलाही तसे मानावेसे वाटते, पण हे ‘मानणे’ आहे एवढे सांगून ठेवणे गुरुजींनाच आवडले असते.

कारण त्यांची सगळी प्रतिष्ठा याच सवयीवर उभी आहे: कोणती गोष्ट कुणाकडून कळली ते सांगायचे. ७३१ मध्ये त्यांनी पाच खंडांचा ‘इंग्रज लोकांचा धर्मेतिहास’ पुरा केला. तो केओलवुल्फ राजाला अर्पण करताना प्रस्तावनेत त्यांनी आपल्या माहीतगारांची ओळखपरेडच केली आहे. कँटरबरीचे मठाधिपती अल्बिनस यांनी लिहायला उद्युक्त केले. लंडनचा पुरोहित नॉथेल्म कँटरबरीची माहिती घेऊन आला, शिवाय रोमला जाऊन पोपच्या परवानगीने तिथल्या दफ्तरातून जुनी पत्रे उतरवून घेऊन आला. पश्चिम सॅक्सनांविषयी बिशप डॅनियल यांनी लिहून कळवले. लास्टिंगहॅमच्या मठातल्या बंधूंनी अमुक सांगितले. आठव्या शतकात, टपाल नाही, रस्ते धड नाहीत, अशा वेळी एका जागी बसलेल्या माणसाने पत्रांच्या आणि माणसांच्या जोरावर अख्ख्या बेटाची साधने गोळा केली. ते स्वतः कुठवर गेले? उत्तरेला लिंडिसफार्नचे बेट, दक्षिणेला यॉर्क. बस्स.

ऐकीव गोष्ट असेल तर ते तसे स्पष्ट लिहितात. रोमच्या बाजारात विकायला आणलेली गोरी मुले पाहून पुढे पोप झालेल्या ग्रेगरीने ‘हे अँगल (म्हणजे इंग्रज) नव्हेत, हे तर एंजल, देवदूतच’ अशा आशयाची कोटी केली, ही गोष्ट इंग्लंडात पोराटोरांना ठाऊक असते. बीडनी ती दिली आहे, पण वाडवडिलांकडून चालत आलेली म्हणून. संत लूकच्या शुभवर्तमानावरचे भाष्य लिहिताना तर त्यांनी आणखी एक युक्ती केली. जुन्या धर्मपंडितांपैकी कुठले मत अँब्रोजचे, कुठले ऑगस्टिनचे, जेरोमचे, ग्रेगरीचे हे दाखवण्यासाठी पानाच्या समासात त्या त्या नावाची आद्याक्षरे घातली आणि पुढच्या नकलाकारांना विनवले की बाबांनो, ही अक्षरे गाळू नका. दुसऱ्याचे शब्द मी आपले म्हणून खपवले असे कुणाला वाटायला नको. बऱ्याच नकलाकारांनी ती गाळलीच. त्याच कामाविषयी त्यांनी एके ठिकाणी म्हटले आहे की मजकूर सांगणारा मीच, उतरवून घेणारा मीच आणि नक्कल करणाराही मीच. एकशिक्षकी शाळेत ज्यांनी हजेरी, खिचडी, जनगणना आणि चौथीचे गणित एकाच सकाळी उरकले आहे, त्यांना हे वाक्य निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

त्यांचा शिकवण्याचा भाग मला इतिहासाहूनही अधिक मोह घालतो. ७२५ मध्ये त्यांनी कालगणनेवर एक मोठा ग्रंथ लिहिला, तो विद्यार्थ्यांसाठीच. आधी, ७०३ मध्ये, एक छोटी पुस्तिका लिहिली होती. ती फारच त्रोटक आहे, नीट उलगडून सांगा, अशी मुलांची तक्रार आली म्हणून हा विस्तार. ग्रंथाची सुरुवात बोटांवर मोजण्याने होते. डाव्या हाताची बोटे कशी मुडपली की एकं-दहं, उजव्या हाताने शतक-सहस्र कसे दाखवायचे, हे त्यांनी एकेक बोट घेऊन सांगितले आहे. पुढे चंद्र-सूर्याची चक्रे येतात तेव्हा तर त्यांनी पेरेच मोजायला लावले आहेत: एका हाताची चौदा पेरे आणि पाच नखे मिळून एकोणीस, हे चंद्राचे चक्र, दोन्ही हातांची नखे वगळून अठ्ठावीस पेरे, हे सूर्याचे. माझी आजी अंगठ्याने पेरे मोजत एकादशी आणि संकष्टी सांगायची. मी आगगाडीत बसून स्वतःच्या हातावर गुरुजींचा हिशेब करून पाहिला. चौदा आणि पाच, एकोणीस बरोबर भरतात. एकोणीस सौर वर्षांत सात अधिक महिने धरले की चंद्र आणि सूर्याचा मेळ बसतो, हे आपल्या पंचांगकर्त्यांना जसे ठाऊक होते तसेच ते जॅरोच्या पोरांनाही हाताच्या पंजावर ठाऊक होते.

एवढा खटाटोप ईस्टरसाठी होता. ईस्टर हा चंद्र, सूर्य आणि वार या तिघांना धरून येणारा सण, आणि त्याची तिथी काढण्याच्या आयरिश आणि रोमन रीती निराळ्या. नॉर्थंब्रियाच्या, म्हणजे बीडच्याच मुलुखातल्या, ऑस्वियू राजाच्या घरी त्यामुळे मोठा घोळ होई. राजा आयरिश रीतीचा, राणी केंटकडून आलेली, रोमन रीतीची. कधीकधी राजाचा उपास सुटून ईस्टरचे जेवण चाललेले असे आणि त्याच वाड्यात राणी आणि तिची माणसे अजून उपासात, ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार पाळत असत. शेवटी ६६४ मध्ये व्हिटबीला सभा भरली आणि राजाने रोमन रीत मान्य केली. ज्या राज्यात शिवजयंती तारखेने की तिथीने यावरून एका गल्लीत दोन मिरवणुका निघतात, त्या राज्यातल्या वाचकाला या प्रकरणाचे हसू येऊ नये. कालगणना हा पोरखेळ नसतो. बीडना याची झळही लागली. सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्तापर्यंत ३९५२ वर्षे असा हिशेब त्यांनी मांडला. तो रूढ आकड्याहून हजाराच्या वर कमी असल्याने एका बिशपच्या पंगतीत दारू चढलेल्या काही गावंढळांनी त्यांना पाखंडी ठरवले. ७०८ मध्ये त्यांनी त्यावर लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. इतका शांत माणूस किती संतापू शकतो हे पाहायचे असेल तर ते वाचावे.

ख्रिस्तजन्मापासून वर्षे मोजण्याची कल्पना त्यांची नव्हे. ती ५२५ मध्ये रोममधल्या डायोनिशियस नावाच्या संन्याशाने काढली होती. परंतु एका संपूर्ण इतिहासाचा कणा म्हणून ती सातत्याने वापरली बीडनी, आणि त्यांच्या ग्रंथाच्या प्रती युरोपभर गेल्या तशी तीही गेली. आज मी फळ्यावर डाव्या कोपऱ्यात जे साल लिहितो, त्यात या गुरुजींचा हात आहे. आणि समुद्र? मठ नदीच्या मुखाशी, समोर भरती-ओहोटीचा चिखल. भरती रोज सुमारे पाऊण तासाने उशिरा येते आणि एकाच किनाऱ्यावरच्या निरनिराळ्या बंदरांत तिची वेळ निराळी असते, हे त्यांनी नोंदवून ठेवले. कोकणातल्या कुठल्याही कोळ्याला हे सांगायला नको, पण तोवर ग्रंथात ते असे कुणी नीट लिहिले नव्हते.

गुरुजींमध्ये दोष नव्हता असे नाही. ब्रिटन लोकांविषयी, म्हणजे त्या बेटाच्या आधीच्या रहिवाशांविषयी, त्यांचे मन कधीच स्वच्छ नव्हते. चेस्टरच्या लढाईत प्रार्थनेसाठी जमलेले बँगोर मठाचे सुमारे बाराशे संन्यासी एथेल्फ्रिथ राजाच्या सैन्याने कापून काढले. तो राजा ख्रिस्तीही नव्हता. बीड ते सांगतात ते जणू देवाने केलेला न्याय म्हणून, कारण त्या लोकांनी रोमच्या दूताचे ऐकले नव्हते. मी हा भाग दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा पुस्तक मिटून ठेवले. उलट आयडन या आयरिश बिशपाची ईस्टरची रीत त्यांना अजिबात मान्य नसूनही त्याच्या साधेपणाची, गरिबांविषयीच्या कळवळ्याची त्यांनी मनापासून स्तुती केली आहे, आणि मी खरे बोलणारा इतिहासकार म्हणून दोन्ही बाजू लिहितो असे वर सांगितले आहे. तीच रास्त नजर ब्रिटनांच्या वाट्याला का आली नाही, हे मला उलगडलेले नाही.

आता माझी गोष्ट सांगतो, कारण तिच्याशिवाय हा लेख लिहायला मी बसलोच नसतो. नोकरीला लागलो तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्याच्या वहीतून मी टिपणे उतरवून घेतली आणि तीच वर्गात सांगू लागलो. त्यांत सालबाईच्या तहाचे साल १७८४ होते. तह झाला १७८२ मध्ये. १७८४ हे इंग्रज आणि टिपू यांच्यातल्या मंगळूरच्या तहाचे साल. अकरा वर्षे मी चुकीचे साल फळ्यावर लिहिले. बाराव्या वर्षी एका मुलीने भीत भीत पुस्तक पुढे केले आणि म्हणाली, “सर, इथं वेगळं दिलंय.” मी तिला “बरं, बघतो,” म्हणालो, आणि पुढच्या तासाला काहीच न बोलता साल बदलून टाकले. चूक कबूल केली नाही. त्या आधीच्या अकरा तुकड्या कुठे कुठे पांगल्या. कुणी पोलिसात आहे, कुणी पुण्यात रिक्षा चालवतो, कुणाची मुलेच आता दहावीला आहेत.

बीडनी तरुणपणी ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकावर भाष्य लिहिले होते. पुढे बऱ्याच वर्षांनी त्यांच्या हाती त्याच पुस्तकाची ग्रीक प्रत आली, तेव्हा आपल्या जुन्या भाष्यात कुठे काय चुकले ते सांगणारे दुसरे पुस्तक त्यांनी लिहिले. गुपचूप दुरुस्ती करून जुनी प्रत दडवली नाही. चुका वेगळ्या काढून सर्वांपुढे ठेवल्या, नाव दिले ‘पुनर्विचार’. ती ग्रीक प्रत बहुधा आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात असलेलीच असावी. हे वाचले त्या रात्री मला ती मुलगी आठवली, तिने धरलेले ते खाकी कव्हरचे पुस्तकही आठवले.

मठातला त्यांचा दिवस लिहिण्याचा कमी आणि घंटेचा जास्त होता. आल्क्विन हा पुढचा मोठा पंडित एका पत्रात सांगतो की गुरुजी म्हणत, प्रार्थनेच्या वेळी देवदूत येतात. मी दिसलो नाही तर ते विचारतील, बीड कुठे आहे? बाहेरच्या घडामोडी त्यांनी फारशा मनाला लावून घेतल्या नाहीत, एक अपवाद सोडून. ७१६ मध्ये म्हातारे मठाधिपती केओलफ्रिथ, साथीतले ते दुसरे गायक, अचानक पद सोडून रोमला निघाले. बरोबर मठात तयार केलेले एक अवाढव्य बायबल होते, वजनाने सुमारे ३४ किलो, पाचशेहून अधिक वासरांच्या कातड्यांवर लिहिलेले. केओलफ्रिथ वाटेत फ्रान्समधल्या लांग्रला वारले. बायबल इटलीत पोचले आणि आज फ्लॉरेन्सच्या ग्रंथालयात आहे. ते इंग्लंडात लिहिले गेले हे एकोणिसाव्या शतकापर्यंत कुणाला ठाऊकही नव्हते, कारण त्यावरच्या अर्पणपत्रिकेतले नाव कुणीतरी खरवडून बदलले होते. केओलफ्रिथ गेल्यावर बीडचे हातातले भाष्य थांबले. पुढचा खंड सुरू करताना त्यांनी लिहिले आहे की मनाला अवचित बसलेल्या धक्क्याने मला लिहिता येईना.

७३५ च्या वसंतात ते आजारी पडले. धाप लागे, पाय सुजू लागले. शेवटच्या दिवसांचे वर्णन त्यांचा शिष्य कथबर्ट याने एका पत्रात लिहून ठेवले आहे. या दिवसांत ते दोन कामे करत होते: योहानच्या शुभवर्तमानाचे इंग्रजीत भाषांतर, आणि इसिडोर या जुन्या ग्रंथकाराच्या पुस्तकातले उतारे. उताऱ्यांविषयी ते म्हणाले, माझ्या मुलांनी खोटे वाचावे आणि माझ्यामागे त्यात फुकट कष्ट करावेत असे मला वाटत नाही. मंगळवारी प्रकृती बिघडली, तरी दिवसभर ते हसतमुखाने सांगत राहिले आणि मुलांना म्हणत राहिले, लवकर शिकून घ्या, मी किती टिकेन ते माहीत नाही.

बुधवारी दुपारी त्यांनी कथबर्टला धावत जाऊन मठातल्या पुरोहितांना बोलावून आणायला सांगितले. त्यांची एक छोटी पेटी होती. तीत त्यांची सारी मालमत्ता: थोडी मिरी, काही रुमाल आणि धूप. ते त्यांनी सगळ्यांना थोडेथोडे वाटून दिले. त्या काळी मिरी पिकत असे ती मलबारात. आपल्याच पश्चिम किनाऱ्याच्या खालच्या टोकाकडून निघून, अरबी समुद्र, मग कुठले वाळवंट, कुठला भूमध्य समुद्र, किती व्यापाऱ्यांचे हात लागून ते काळे दाणे जॅरोच्या त्या पेटीत पोचले असतील! ज्या माणसाने आपला मुलूख कधी सोडला नाही, त्याच्याजवळ देण्यासारखी वस्तू होती ती आमच्याकडची.

संध्याकाळी लिहून घेणारा मुलगा म्हणाला, “गुरुजी, अजून एक वाक्य राहिलंय.” ते म्हणाले, “लिही.” थोड्या वेळाने मुलगा म्हणाला, “झालं.” ते म्हणाले, “खरं बोललास, झालं. आता माझं डोकं हातात धर. ज्या जागेकडे तोंड करून मी प्रार्थना करत आलो, तिकडे बघत बसायचंय.” खोलीच्या जमिनीवर बसून, स्तुतिगान म्हणत, ते गेले.

एकोणतीस वर्षांनी, ७६४ मध्ये, तोच कथबर्ट मठाधिपती झालेला होता. जर्मनीतल्या माइंट्सच्या बिशपाने बीडच्या ग्रंथांच्या प्रती मागितल्या होत्या आणि दोन वस्त्रे पाठवली होती: एक रेशमी, बीडच्या अवशेषांवर घालायला, आणि एक रंगीत, थंडीत कथबर्टने पांघरायला. कथबर्टने उत्तरात लिहिले की मुलांकडून जेवढे उतरवून झाले तेवढे पाठवतो आहे. यंदाचा हिवाळा फार कडक गेला, बर्फ, वारा आणि वादळी पाऊस इतका की लिहिणाऱ्यांचे हात चालेनात. रंगीत वस्त्र त्याने अंगावर घेतले नव्हते. ते त्याने सेंट पॉलच्या वेदीवर घातले, कारण शेहेचाळीस वर्षे आपण याच मठात, याच संताच्या छत्राखाली राहिलो, असे त्याने लिहिले आहे.